मालाची माहिती वेबसाइटवर : लिहिणे, मांडणे आणि प्रसिद्ध करणे

आपल्यापैकी बऱ्याच व्यापारी बांधवांनी गेल्या काही वर्षांत दुकानाची वेबसाइट करून घेतली आहे. उघडून पाहिली तर वर दुकानाचे नाव, खाली चार फोटो, फोन नंबर आणि 'विश्वासू सेवेची परंपरा' अशी एखादी ओळ. ज्या मुलाला पैसे दिले तो काम करून गेला आणि त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. विचारले की उत्तर ठरलेले असते, "ते आपल्याला जमणारे काम नव्हे. मुलगा येईल तेव्हा करील." इकडे ग्राहक मात्र रोज फोनवर तेच प्रश्न विचारतो. कापड कशाचे आहे, पन्हा किती, धुतल्यावर रंग जाईल का, हातमागाचे की यंत्रमागाचे? आणि आपण रोज तेच उत्तर तोंडी देत बसतो.

हे उत्तर एकदा नीट लिहून वेबसाइटवर ठेवता येते. त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. जो मनुष्य बिलबुक लिहितो आणि दिवसाला पन्नास संदेश व्हॉट्सॲपवर पाठवतो त्याला हे काम दोन-चार दिवसांत येते. मी स्वतः कापडाचा व्यापारी आहे. शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, मराठी दुकानाच्या गल्ल्यावर बसून पक्की झाली. हे काम मी चुका करत शिकलो. त्यातली एक चूक बरीच महागात पडली, ती पुढे सांगतोच.

एडिटर म्हणजे काय?

येथे 'एडिटर' म्हणजे संपादक नव्हे. वेबसाइटमध्ये आपले नाव व पासवर्ड टाकून आत गेल्यावर लिहिण्याचा जो कोरा पडदा उघडतो त्याला एडिटर म्हणतात. दुकानाचा पुढचा भाग ग्राहक पाहतो आणि मागच्या खोलीत आपण घड्या घालतो, चिठ्ठ्या लावतो. एडिटर ही ती मागची खोली होय.

उदाहरणासाठी वर्डप्रेस घेऊ. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली ते सुरू केले. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि आज जगातील वेबसाइटपैकी ४० टक्क्यांहून अधिक त्यावर चालतात. तुमचीही बहुधा त्यावरच असेल. नसली तरी बटणांची नावे थोडी बदलतील, काम तेच राहील. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडता येते. पण मदत विचारायची झाली तर बटणांची इंग्रजी नावेच सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून मी ती तशीच ठेवली आहेत व येथेही तीच वापरतो.

आत गेल्यावर 'पोस्ट' आणि 'पेज' असे दोन शब्द दिसतात. पेज म्हणजे दुकानाची पाटी. पत्ता, वेळ, माल परत घेण्याचे नियम यांसारखी कायमची माहिती तेथे ठेवायची. पोस्ट म्हणजे रोजमेळ. तिला तारीख असते, एकामागून एक नोंदी होत जातात. नवा माल आला, एखाद्या कापडाची ओळख करून द्यायची आहे, तर पोस्ट लिहावी.

डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती आली. तेव्हापासून लिहिण्याची पद्धत 'ब्लॉक'ची झाली. परिच्छेद हा एक ब्लॉक, शीर्षक दुसरा, फोटो तिसरा, तक्ता चौथा. एंटर दाबले की नवा परिच्छेद सुरू होतो. अधिकचे चिन्ह दाबले की कोणता ब्लॉक हवा त्याची यादी उघडते. एखादा ब्लॉक वर-खाली सरकवायचा तर बाणाचे बटण असते. या एडिटरला गुटेनबर्ग असे नाव दिले गेले. खिळे जुळवून छपाई करणाऱ्या जर्मन कारागिराचे हे नाव आहे. मला ते नाव आवडले, पण एका बाबतीत हा पडदा छापखान्याच्या अगदी उलट वागतो, आणि तीच गोष्ट आपल्या लोकांच्या लवकर लक्षात येत नाही.

ओळ कोण तोडतो?

माझ्या लहानपणी उर्दू इश्तिहार आणि लग्नाचे रुक्के कातिब हाताने लिहीत. कोणते अक्षर मोठे, कोठे जागा सोडायची, ओळ कोठे तोडायची हे सर्व कातिब ठरवी. त्याने लिहिले की लिथोवर हजार प्रती निघोत, प्रत्येक प्रतीत ती ओळ तेथेच तुटे. पडद्यावर ओळ कोठे तुटेल हे लिहिणाऱ्याच्या हातात नाही. ते वाचणाऱ्याचा मोबाइल ठरवतो. तुम्ही दुकानातल्या मोठ्या संगणकावर लिहिले, ग्राहकाने पाच इंची फोनवर उघडले, त्याच्या वडिलांनी अक्षर मोठे करून वाचले. तिघांकडे तिन्ही ओळी वेगळ्या तुटणार.

मग आपले काम काय? आपण फक्त सांगायचे की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे. ते दिसावे कसे, हे वेबसाइट आणि मोबाइल मिळून ठरवतात. हे न समजल्याने लोक काय करतात ते पाहा. शब्द मध्यभागी आणण्यासाठी स्पेसचे बटण वीस वेळा दाबतात. दोन परिच्छेदांत अंतर हवे म्हणून पाच-सहा वेळा एंटर दाबतात. आपल्या संगणकावर ते सुरेख दिसते आणि ग्राहकाच्या फोनवर ठिगळे पडतात. मध्ये आणायचे असेल तर त्यासाठी बटण आहे. परिच्छेद न बदलता फक्त पुढच्या ओळीवर जायचे असेल, जसे पत्ता लिहिताना, तर शिफ्ट धरून एंटर दाबावे.

दुसरी चूक शीर्षकाची. एखादी ओळ ठळक केली म्हणजे ती शीर्षक झाली असे वाटते. डोळ्याला ती तशी दिसतेही. पण गुगलच्या यंत्राला ती फक्त जाड अक्षरातली ओळ असते. अंध व्यक्तीचा मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, तेव्हा तो एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारत जातो. ठळक ओळ त्याला सापडतच नाही. म्हणून शीर्षकासाठी 'हेडिंग' हाच ब्लॉक निवडावा. त्यात पातळ्या असतात. लेखाचे नाव ही पहिली पातळी, ती वेबसाइट बहुधा आपोआप लावते. आतल्या शीर्षकांना दुसरी पातळी द्यावी, आणि त्याच्या पोटात आणखी भाग असेल तरच तिसरी. अक्षर लहान किंवा मोठे दिसते म्हणून पातळी बदलणे म्हणजे कापड चमकते म्हणून त्यावर रेशमाचा शिक्का मारण्यासारखे आहे.

शीर्षक साधे असावे. 'वैभवशाली वारसा' असे कोणीही गुगलवर शोधत नाही. 'हिमरू शाल कशी धुवावी' असे शोधतात. गल्ल्यावर ग्राहक ज्या शब्दांत विचारतो तेच शब्द शीर्षकात घ्यावेत.

लिपीचा घोळ

आपल्याकडे जुना मजकूर भरपूर असतो. पूर्वी छापून घेतलेली पत्रके, दरपत्रके डीटीपीवाल्याकडून पेनड्राइव्हमध्ये मिळतात. तो मजकूर उचलून एडिटरमध्ये टाकला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. लोक समजतात वेबसाइट बिघडली. तसे नसते. जुन्या मराठी फाँटमध्ये खरे तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट नसला की खालचे इंग्रजी उघडे पडते. जुन्या इनपेजमधील उर्दू मजकुराचीही अशीच गत होते. यावर उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली आलेल्या या पद्धतीत जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला आपला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. मोबाइलवर आपण जे मराठी-उर्दू टाइप करतो ते युनिकोडच असते. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यानंतर एकेक ओळ डोळ्याखालून घालावी. जोडाक्षरे आणि रफार यांत गफलत राहते. दोन पानांचाच मजकूर असेल तर नव्याने टाइप करणे बरे.

उर्दू आणि मराठी एकत्र लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मराठी ओळीत एखादा उर्दू शब्द उर्दू लिपीत आला तर तो उजवीकडून डावीकडे आपोआप बसतो. पण मराठी परिच्छेदात सबंध उर्दू वाक्य टाकले की शेवटचा पूर्णविराम भलत्याच टोकाला जाऊन बसतो. एका परिच्छेदात दोन्ही लिप्यांची खिचडी करू नये. उर्दू वाचक बरेच असतील तर उर्दूसाठी वेगळा लेखच करावा, आणि पूर्ण वेबसाइट उर्दू असेल तर सेटिंगमध्ये भाषा उर्दू निवडावी. मग मांडणीच उजवीकडून सुरू होते. नस्तालीक अक्षर हवे असेल तर वेबसाइट करणाऱ्याला सांगून नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फाँट बसवून घ्यावा. नाहीतर काही यंत्रांवर उर्दू नस्ख वळणात दिसते आणि आपल्या जुन्या वाचकाला ते परके वाटते.

व्हॉट्सॲपवरून उचललेल्या मजकुरात शब्दांच्या आजूबाजूला तारे येतात, कारण तेथे अक्षर ठळक करण्याची ती खूण आहे. ते काढून टाकावेत. दुसरीकडून उचललेला मजकूर शक्यतो कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही ही तीन बटणे एकत्र दाबून टाकावा. म्हणजे तिकडचे रंग-आकार बरोबर येत नाहीत, नुसती अक्षरे येतात.

हिमरूचा लेख आणि माझी चूक

आता प्रत्यक्ष उदाहरण. औरंगाबादच्या (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) हिमरू शाली आमच्या दुकानात असतात. एका जुन्या कारागिराकडून मी त्या घेतो. आम्ही सगळे त्यांना उस्तादच म्हणतो. पहिला लेख हिमरूवर लिहायचे ठरले. ईदचा हंगाम होता, वेळ नव्हता. भाच्याला सांगितले. त्याने कॉम्प्युटरकडून पाच मिनिटांत लिहून आणले. भाषा इतकी गुळगुळीत की मी खूश झालो. रात्री दुकान बंद करता करता मोबाइलवरूनच 'पब्लिश' दाबले. त्यात एक ओळ होती: 'शुद्ध रेशमात विणलेली हिमरू शाल.'

कापडाच्या धंद्यातील माणसाला पुढे काय झाले हे सांगायला नको. नागपूरच्या एका गृहस्थांनी घरच्या लग्नासाठी ११ शाली मागवल्या. त्यांच्या वालिदा कापड ओळखणाऱ्या निघाल्या. त्यांनी काठाचा उभा धागा काढून जाळला. जळलेल्या कागदासारखा वास आला आणि राख राहिली. रेशीम असते तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि टोकाला काळी गाठ उरली असती. शाली परत आल्या. दोन्ही बाजूंचे भाडे माझ्या अंगावर. मी म्हणू शकत होतो का की ते मी लिहिले नव्हते? लेखावर दुकानाचे नाव होते, तारीख होती आणि त्या गृहस्थांकडे त्याचा फोटो होता.

भाड्यापेक्षा अधिक लागले ते उस्तादांचे बोलणे. ते म्हणाले, "भाई, उभा धागा सुताचा आहे म्हणून तर तो हिमरू आहे. सूत काढून टाकले तर माझे राहिले काय?" त्यांचे म्हणणे खरे होते. ताण्याला सूत, बाण्याला रेशीम, हीच हिमरूची जात. नक्षीसाठी जो जादा बाणा घालतात त्याचे सुटे धागे मागच्या बाजूला एक थर होऊन राहतात, त्यामुळे शाल मऊ आणि ऊबदार होते. किमखाबाच्या तोडीचे दिसणारे पण अंगावर हलके असे हे कापड. आजकाल पुष्कळ ठिकाणी रेशमाच्या जागी कृत्रिम रेशीम घालतात, तेही ग्राहकाला सांगितलेच पाहिजे. कॉम्प्युटरने लिहिलेल्या त्या दोन पानांत या कशाचाही उल्लेख नव्हता. त्याने हजार ठिकाणचे वाचले असेल, शालीची मागची बाजू पाहिलेली नव्हती. उस्तादांनी ४० वर्षे मागावर बसून जे शिकले ते कोणत्याही वेबसाइटवर नव्हते, आणि माझ्या वेबसाइटवर तर त्याच्या उलट होते.

मग तो लेख नव्याने केला. उस्ताद सांगत गेले, मी लिहीत गेलो. सुरुवातीच्या दोन-तीन ओळींतच सांगितले की कापड कशाचे, कोठले आणि हातमागाचे की यंत्रमागाचे. मोबाइलवर माणूस सुरुवातीचे वाचतो आणि उरलेले चाळतो. त्यानंतर तीन शीर्षके: हिमरू ओळखावा कसा, शाल धुवावी कशी, मापे व किंमत. इतिहास शेवटी, तोही थोडा. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला नेली त्या काळाशी या कलेचा संबंध सांगितला जातो, एवढेच लिहिले. ग्राहकाला आधी शालीबद्दल ऐकायचे असते.

फोटो, तक्ता, दुवे

फोटो हा आपल्या धंद्याचा जीव आहे, म्हणून येथे वेळ द्यावा. ट्यूबलाइटखाली काढलेला मोरपंखी रंग हिरवा दिसतो आणि त्यावरून भांडणे होतात. सकाळी दाराशी सावलीत, पांढऱ्या कागदाशेजारी कापड ठेवून फोटो काढावा. कागद पांढरा दिसला की रंग बराचसा खरा आला असे समजावे. एक फोटो पूर्ण शालीचा, एक जवळून नक्षीचा आणि एक मागच्या बाजूचा असावा. मागची बाजू दाखवायला नकली मालवाला धजत नाही. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने आलेला फोटो वापरू नये, त्यातला बारकावा गेलेला असतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फोटो येतो. पण मूळ फोटो पुष्कळदा चार-पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो टाकले तर खेड्यातल्या ग्राहकाचे पान उघडता उघडत नाही. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल एवढी करून घ्यावी, ती पुरते.

फोटोचा ब्लॉक टाकला की उजव्या बाजूस 'ऑल्ट टेक्स्ट' नावाची एक रिकामी चौकट दिसते. ती बहुतेक सगळे रिकामीच सोडतात. फोटोत काय आहे हे तेथे एका ओळीत लिहायचे: 'तांबड्या हिमरू शालीची मागची बाजू, सुटे धागे दिसत आहेत.' फोटो उघडला नाही तर ही ओळ दिसते, अंध ग्राहकाला ती ऐकू येते आणि गुगलला फोटो कशाचा ते कळते. फोटोखाली सर्वांना दिसणारी ओळ वेगळी, तिला 'कॅप्शन' म्हणतात.

आपल्याकडे सर्व मजकूर एका रंगीत बॅनरवर छापून तो फोटो म्हणून टाकण्याची फार हौस आहे. भाव, मापे, पत्ता सगळे त्या फोटोत. भिंतीवर लावायला ते ठीक. मोबाइलवर ती अक्षरे मुंगीएवढी होतात, गुगलला शोधता येत नाहीत, आणि भाव बदलला की पुन्हा डीटीपीवाल्याकडे जावे लागते. भाव हे अक्षरांतच लिहावेत, त्यासाठी 'टेबल' ब्लॉक आहे. त्यात तीनपेक्षा जास्त रकाने करू नयेत. माप, घटक, किंमत एवढे पुरे. दुकानाच्या वहीत आपण आठ रकाने आखतो, पण फोनवर उजवीकडचे चार कोणी पाहत नाही.

एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे किंवा फोनकडे नेणाऱ्या शब्दाला दुवा म्हणतात. शब्द निवडून कंट्रोल आणि के दाबले की पत्ता टाकण्याची जागा येते. 'येथे क्लिक करा' असे लिहू नये, 'मशरू आणि हिमरूमधील फरक' असे लिहून त्या शब्दांनाच दुवा द्यावा. व्हॉट्सॲपचाही दुवा देता येतो. त्यात नंबर लिहिताना पुढे ९१ लावायचे, अधिकचे चिन्ह, शून्य किंवा मधली रेघ घालायची नाही. बऱ्याच वेबसाइटवर हा दुवा केवळ त्या शून्यामुळे बंद पडलेला असतो आणि मालकाला वाटते ग्राहकच येत नाहीत.

लेखाच्या स्वतःच्या पत्त्याकडेही लक्ष द्यावे. मराठी शीर्षक दिले की पत्ता मराठीतच तयार होतो, आणि तो उचलून व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली दोन हात लांब शेपटी होते. लोक ती पाहून घाबरतात, फसवणुकीचा संदेश समजतात. म्हणून 'स्लग' या चौकटीत रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द द्यावेत, मध्ये आडवी रेघ. हे प्रसिद्ध करण्याआधीच ठरवावे. तो पत्ता एकदा व्हिजिटिंग कार्डावर छापला की मग बदलण्याचा खटाटोप नको.

पब्लिश दाबण्यापूर्वी

लिहीत असताना लेख 'ड्राफ्ट' असतो, म्हणजे कच्चे बिल. तो आपल्यालाच दिसतो, आणि मधूनमधून आपोआप जतनही होत राहतो. कच्च्या बिलाची घाई करू नये. 'प्रिव्ह्यू' दाबले की ग्राहकाला लेख कसा दिसेल ते पाहता येते, मोबाइलच्या आकारातही. मी आता एक शिस्त पाळतो. लेख रात्री लिहितो, पब्लिश सकाळी करतो, आणि मधल्या वेळात कारागिराला किंवा माल जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाला वाचून दाखवतो. आकडे मोठ्याने वाचतो. वार आणि मीटर यांची अदलाबदल कानाला लगेच कळते, डोळा ती चुकवतो.

वेबसाइटवर काम करणारे अधिक असतील तर प्रत्येकाला वेगळे नाव व वेगळा पासवर्ड द्यावा. वर्डप्रेसमध्ये 'कॉन्ट्रिब्युटर' अशी एक पायरी आहे. त्या पायरीवरील माणूस लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. मुनीमजींनी बिल लिहावे आणि सही मालकाने करावी, तसे. भाच्याला मी आता त्याच पायरीवर ठेवले आहे. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, तेही आपल्याच नावावर आणि आपल्याच ईमेलवर नोंदलेले असावे. बनवणाऱ्या मुलाच्या नावावर असेल तर आजच बदलून घ्या, मग पुढचे वाचा.

लेख ठरावीक वेळी आपोआप प्रसिद्ध व्हावा अशीही सोय असते. पण त्याआधी सेटिंगमधील वेळ कोलकाता अशी निवडलेली आहे का ते पाहावे. नाहीतर ती लंडनच्या बाजूची जागतिक वेळ धरते आणि सकाळी ९ ला लावलेला लेख आपल्याकडे दुपारी अडीचला बाहेर येतो. त्याच सेटिंगमध्ये 'रीडिंग' या भागात, शोधयंत्रांनी या वेबसाइटची नोंद घेऊ नये, अशा अर्थाची एक चौकट असते. वेबसाइट तयार होत असताना बनवणारे ती टिक करून ठेवतात आणि काढायची विसरतात. आमच्या वेबसाइटवर ती आठ महिने तशीच होती. दुकान उघडे आणि शटर खाली, असा तो कारभार.

कायद्याचेही थोडे सांगायला हवे. वेबसाइटवरच ऑर्डर व पैसे घेत असाल तर २०२० चे ई-कॉमर्सचे नियम तुम्हाला लागू होतात. दुकानाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव, माल परत घेण्याच्या अटी आणि सर्व कर धरून एकूण किंमत ही माहिती स्पष्ट दिसली पाहिजे. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'शुद्ध', 'अस्सल', 'हातमाग' हे शब्द लिहिताना हे ध्यानात असू द्यावे. हातमागासाठी हँडलूम मार्क आणि रेशमासाठी सिल्क मार्क या खुणा आहेत. त्या आपल्या मालाला खरोखर मिळालेल्या असतील तरच त्यांचा फोटो टाकावा.

पब्लिश दाबले की लेख जगासमोर गेला. लगेच दुसऱ्या माणसाच्या फोनवरून तो उघडून पाहावा, प्रत्येक दुवा दाबून पाहावा. चूक आढळली तर दुरुस्त करता येते. जुन्या आवृत्त्याही वर्डप्रेस 'रिव्हिजन' म्हणून सांभाळून ठेवते, त्यातली एखादी परत आणता येते. काढून टाकलेला लेख ३० दिवस कचऱ्याच्या पेटीत राहतो. पण ज्याने तुमच्या लेखाचा फोटो काढून ठेवला त्याच्याकडून तो परत आणता येत नाही. भाव बदलला, माल संपला, की लेखात तसे लिहावे आणि दुरुस्तीची तारीख टाकावी.

हिमरूचा नवा लेख प्रसिद्ध झाला त्या दिवशी मी तो उस्तादांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी फोन हात लांब करून धरला, वाचून झाल्यावर फोटो बोटांनी मोठे केले आणि म्हणाले, "लिहिले ठीक आहे. पण मागची बाजू म्हणून जी दाखवली आहे ती पुढची आहे." खरोखरच दोन फोटोंखालच्या ओळींची अदलाबदल झाली होती. प्रिव्ह्यू मी दोनदा पाहिला होता, भाच्यानेही पाहिला होता. त्यांच्या मागाशेजारीच बसून दोन्ही ओळी बदलल्या, ऑल्ट टेक्स्टही बदलले आणि लेख पुन्हा जतन केला.